घर आधीं, वन मागाहून

वनांत घर बांधावें ही इच्छा मनुष्याच्या ठिकाणीं फार जुनी आहे. परंतु ती पुरी होतांना बहुधा एक विपरीत गोष्ट घडते. शहराच्या गजबजाटाला कंटाळलेला गृहस्थ दाट झाडीची जागा शोधून काढतो, ती पाहून हर्षित होतो, आणि पहिलें काम करतो तें हें कीं, मजूर लावून ती झाडी साफ करवितो. मग उतार तासून जमीन सपाट होते, मोटारीसाठीं रस्ता होतो, भोंवतीं दगडी गडगा उभा राहतो. घर पुरें होतें तेव्हां ज्या वनासाठीं तें बांधलें तें वनच तेथें उरलेलें नसतें.

याच्या अगदीं उलट रीतीनें बांधलेल्या एका घराची हकीकत ऐकण्याजोगी आहे. तें घर दक्षिण अमेरिकेंतील ब्राझील देशांत, साओ पावलो या विशाल शहराच्या मोरुंबी नांवाच्या भागांत आहे. मकरवृत्त या शहराच्या उत्तर अंगावरून जातें. अटलांटिक महासागराच्या कांठानें पसरलेलें जें महारण्य एके काळीं येथपर्यंत पोंचलें होतें, त्याचा मोठा भाग लांकडासाठीं, उसासाठीं, पुढें कॉफीच्या मळ्यांसाठीं आणि अखेर वाढत्या शहरांसाठीं तोडला गेला. मोरुंबी येथेंहि पूर्वीं चहाचा मळा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथें वस्ती होऊं लागली, तेव्हां आसपास जुन्या अरण्याचे कांहीं अवशेष होते. परंतु टेकडीचा उतार बराचसा उघडाच होता.

अशा उतारावर सुमारें ७००० चौरस मीटर जागेंत लीना बो बार्दी या स्थापत्यविशारद बाईंनीं स्वतःसाठीं आणि आपल्या पतीसाठीं घर बांधलें. लीनाबाईंचा जन्म १९१४ सालीं रोम येथें झाला. तेथेंच वास्तुविद्येचें शिक्षण घेऊन त्या मिलान शहरीं काम करूं लागल्या. परंतु दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, त्यांची कचेरी बाँबवर्षावांत नष्ट झाली. १९४६ सालीं पति पिएत्रो मारिया बार्दी यांजबरोबर त्या ब्राझीलला आल्या. पुढच्याच वर्षीं साओ पावलो येथें स्थापन झालेल्या कलासंग्रहालयाचे पिएत्रो हे पहिले संचालक होत. १९५१ सालीं घर पुरें झालें, आणि त्याच वर्षीं लीनाबाई ब्राझीलच्या नागरिक झाल्या. ज्यांनीं शहरें कोसळतांना पाहिलीं, त्यांनीं परक्या भूमींत घर बांधतांना भक्कम भिंतींचा आश्रय केला असता तर कोणास नवल वाटलें नसतें. लीनाबाईंनीं मात्र दिवाणखान्याला तीन बाजूंनीं भिंतच ठेविली नाहीं. सर्व कांच बसविली. लोक त्याला 'कांचेचें घर' म्हणूं लागले, आणि तेंच नांव पुढें रूढ झालें.

घराची रचना समजण्यास सोपी आहे. उताराच्या वरच्या अंगास जमिनीवर टेकलेला, भरीव भिंतींचा भाग आहे. निजण्याच्या खोल्या आणि नोकरांची राहण्याची सोय तेथें. पुढचा दिवाणखाना मात्र उतार खालीं जातो तसतसा अधांतरीं राहतो, आणि पोलादाच्या बारीक, नळीसारख्या खांबांनीं त्यास तोलून धरलें आहे. वर काँक्रीटचें पातळ छत, पायांखालीं फिकट निळ्या रंगाची बारीक तुकड्यांची फरसबंदी, आणि येण्याजाण्यास खालून जिना. दिवाणखान्यांत एक चौकोनी पोकळी ठेविली असून तींतून झाड जमिनीपासून निघून छताच्या वर गेलें आहे. आपल्याकडील वाड्याच्या चौकांत तुळस असते. येथें चौकांत वृक्ष आहे, आणि तो चौकहि अधांतरीं आहे.

घर असें खांबांवर उचलणें हा केवळ दिखाऊपणा आहे असें प्रथम वाटेल. परंतु पावसाळी मुलुखांत त्याला व्यवहारी अर्थ आहे. उतार तासला कीं वरची सकस माती सैल होते आणि मोठ्या पावसांत वाहून जाते. झाडांच्या बुंध्याशीं भराव घातला तर मुळांना हवा मिळेनाशी होते. थोड्या खांबांवर घर ठेविलें म्हणजे खणावें थोडें लागतें, पाणी आपल्या जुन्या वाटेनें खालून निघून जातें, आणि जमिनीची ओल वर चढत नाहीं. आसामांतील मिशिंग लोक पुराच्या भयानें आपलीं घरें पूर्वापार खांबांवर बांधीत आले आहेत. लीनाबाईंनीं पोलाद आणि काँक्रीट वापरून जें केलें, तें बांबूच्या घरानें कधींच ओळखलें होतें.

या हकीकतीचें मर्म मात्र पुढेंच आहे. घर नवें असतांना घेतलेलीं छायाचित्रें पाहिलीं तर वाचलेल्या वर्णनावर विश्वास बसत नाहीं. उघड्या टेकडीवर बारीक पायांवर उभी असलेली कांचेची पेटी, आणि भोंवतीं तुरळक रोपटीं! वन कोठें आहे, असा प्रश्न पडतो. वन मागाहून आलें. मालकांनीं झाडें लावलीं, आपोआप उगवलेलीं राखलीं, आणि मुख्य म्हणजे त्यांना वाढूं दिलें. चाळीस वर्षांत टेकडी झाडीनें भरून गेली. पूर्वीं दुरून दिसणारें घर पानांआड गेलें. लीनाबाई १९९२ सालीं याच घरांत वारल्या, आणि पिएत्रो १९९९ सालीं. घर आज त्यांच्या नांवानें चालणाऱ्या संस्थेच्या ताब्यांत आहे.

कांचेचे दोषहि सांगितले पाहिजेत. कांचेंतून ऊन आंत येतें, पण आंतील उष्मा सहज बाहेर जात नाहीं. रात्रीं दिव्यावर कीटक गोळा होतात. पांखरांना कांच दिसत नाहीं, तीं तिच्यावर आदळतात. सपाट छतावर पाला सांचून पाण्याची वाट तुंबते. उष्ण हवेंत कांचेचें घर सुखावह व्हावयाचें तर त्यावर सावली पाहिजे, आणि ती सावली झाडांनींच द्यावयाची. अर्थात् या घरानें वनाला जागा दिली हें जितकें खरें, तितकेंच वनानें या घराला राहण्याजोगें केलें हेंहि खरें. दोघांचा संसार परस्परांच्या आधारानें झाला.

लीनाबाईंनीं स्वतःहि कांचेचा हट्ट धरला नाहीं. त्याच मोरुंबी भागांत १९५८ सालीं बांधलेल्या सिरेल यांच्या घराला त्यांनीं भरीव भिंती दिल्या, त्यांत गोटे आणि खापरांचे तुकडे बसविले, भिंतींवर वनस्पति वाढाव्या अशी योजना केली, आणि भोंवतीं आपल्या पडवीसारखी गवतानें शाकारलेली सावली फिरविली. दोन घरें दिसण्यांत इतकीं भिन्न, पण मूळ विचार एकच: येणाऱ्यानें जागेच्या कलानें वागावें.

सह्याद्रीच्या कुशींत बंगला बांधूं इच्छिणाऱ्यांनीं या घराची नक्कल करूं नये. कोंकणांतील उतरतें कौलारू छप्पर, रुंद पडवी आणि जांभ्या दगडाचा चौथरा हे तेथील मुसळधार पावसाला दिलेलें उत्तम उत्तर आहे. घ्यावयाचा तो विचार. जागा घेतल्यावर एक पावसाळा नुसतें पाहावें: पाणी कोठून वाहतें, वारा कोठून येतो, कोणत्या झाडाची सावली कोठें पडते. मग नकाशावर प्रथम झाडें मांडावीं आणि उरलेल्या जागेंत घर. एखादी खोली लहान होईल, एखादी भिंत वांकडी घ्यावी लागेल. परंतु खोली पुढें वाढवितां येते; तोडलेला वृक्ष मालकाच्या हयातींत पुन्हां तेवढा होईलच असें नाहीं.