रोजचा गल्ला आणि वर्षाचं पीक
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मी मालवणची. आमच्याकडे कापूस नाही, ज्वारी नाही. भात, नारळ आणि मासळी. तरी आपलं नातं जुनं आहे. तुमचा कापूस मुंबईच्या गिरण्यांत गेला आणि तिथे राबायला आमचे कोकणातले चाकरमानी गेले. बायकापोरं गावी ठेवून गेलेल्या या माणसांना दोन वेळा जेवू घातलं ते गिरणगावच्या खाणावळवाल्या बायांनी.

त्यांचा धंदा उधारीचा. कामगार पैसे देणार पगाराला, तोवर किराणा वाण्याकडून उधार. वाणी सांगेल तो भाव, सावकार सांगेल ते व्याज. १९७५ साली गोवामुक्तीच्या लढ्यातल्या प्रेमा पुरव यांनी चौदा बायांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेच्या दारात उभं केलं. तारण काही नव्हतं. एकीची हमी दुसरीने घेतली. बांगलादेशातली ग्रामीण बँक जगभर गाजली, पण ती बँक झाली १९८३ साली. आमच्या बाया त्याआधीच या वाटेने गेल्या होत्या. १९९२ पासून नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला घेतले, ते नंतर.

खाणावळीचं कर्ज का फिटतं? बाई कष्टाळू असते म्हणून, हे खरं. पण कष्टाळू तुम्हीही आहात! खरं कारण असं, की तिचा पैसा लवकर फिरतो. आमच्याकडे सकाळी लिलावात मासळी घेणारी बाई संध्याकाळपर्यंत पाटी रिकामी करते. भांडवल त्याच दिवशी मोकळं. मात्र जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तिचाही हप्ता अडतो.

तुमचं पीक वर्षाला एकदा, तेही पावसाच्या भरवशावर. जूनमध्ये सरकी लावली तर पैसा दिवाळीच्या पुढेमागे. अशा घरातल्या बाईला दर आठवड्याचा हप्ता लावला तर ती भरणार कुठून? दुसरीकडून उचलून. आंध्र प्रदेशात असंच झालं. एक कर्ज फेडायला दुसरं, वसुलीला दारात माणसं. २०१० साली सरकारला वटहुकूम काढावा लागला.

म्हणून मायबहिणींनो, गटात अंगठा उठवण्याआधी, सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. पैसा कशाला? तो किती दिवसांनी परत येणार? हप्ता त्या दिवसांना जुळतो का? तालुक्याच्या गावी ज्वारीच्या भाकरी विकायच्या आहेत, शिलाई मशीन घ्यायचं आहे, पिठाची गिरणी घालायची आहे, तर छोटं कर्ज जरूर घ्या. रोज गल्ला येईल, हप्ता जाईल. बियाण्या-खतासाठी मात्र हंगामाला फिटणारं पीककर्जच मागा.

आणि भावांनो, तुम्हाला एकच सांगते. कापूस खर्चापेक्षा कमी भावात गेला, तर तो खड्डा बायकोच्या गटाच्या पैशाने बुजवू नका. तो खड्डा भावानेच बुजेल. कर्जाने तो फक्त खोल होतो.