घरातील अडगळ आणि घराची अब्रू

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मी कोणी विदुषी नव्हे. आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे मुलींना शाळेत शिकविण्यात गेली व उरलेला वेळ संसाराने घेतला. विषय मात्र माझा मीच निवडला. 'घरातील अडगळ' हे नाव ऐकून आपले चिटणीस किंचित हसले. परंतु ज्या ज्ञातीने पिढ्यानपिढ्या लोकांच्या घरांना भांडी पुरविली, त्या तांबटांच्या मेळाव्यात अडगळीविषयी बोलणे मला मुळीच अप्रस्तुत वाटत नाही. आज लोकांच्या माळ्यांवर जे धूळ खात पडले आहे, त्यातील पुष्कळसे आपल्याच आजा-पणजांच्या हातोडीखालून गेलेले आहे.

आरंभी माझा एक अपराध सांगते. आई निवर्तली त्याच वर्षी आमचा पेठेतील जुना वाडा पाडून तेथे नवी इमारत उठवावयाचे ठरले. तीन महिन्यांत घर रिकामे करावयाचे होते. आम्ही भावंडे माळ्यावरून भांडी उतरवू लागलो. हंडे, गुंड, कळश्या, तपेली, पराती, बंब, पितळी डबे, समया. मोजता मोजता दमलो. निम्म्या भांड्यांवर नावे घातलेली. कोणत्या लग्नात वा मुंजीत कोणी आहेर केला त्याची. त्यातील बहुतेकांना चाळीस वर्षांत पाणी लागले नव्हते. मोडवाला आला, त्याने तांबे निराळे काढले, पितळ निराळे काढले, काटा लावला आणि तासाभरात सारे टेंपोत चढले. अखेरीस एक घंगाळ उरले. धाकट्या भावाने विचारले, "ताई, हे अण्णांच्या हातचे ना?" आजोबांना आम्ही सर्व अण्णा म्हणत असू. घंगाळाच्या अंगावर मठाराचे ठोके ओळीने उमटले होते. मी म्हटले, "असू दे रे, आता कोठे ठेवायचे? जाऊ दे." त्याचे वजन साडेसहा किलो भरले, हे मला आठवते. पैसे किती आले, ते आठवत नाही.

त्या रात्री नव्या जागेत खोकी सोडली, तेव्हा मी बरोबर काय आणले ते मला दिसले. श्रीखंडाचे व मिठाईचे रिकामे प्लास्टिकचे डबे, भेट मिळालेले व एकदाही न उघडलेले काचेचे संच, कान तुटलेले कप, झाकण हरवलेला कुकर. टाकावयाचे ते मी जपून आणले होते, आणि जपावयाचे ते तोलून विकले होते.

आपल्यापैकी ज्या तरुण मुलामुलींनी मठारकाम होताना कधी पाहिले नसेल, त्यांच्याकरिता थोडे सांगते. तांब्याचा पत्रा ठोकता ठोकता कठीण होतो. अधिक ठोकला तर चिरतो. म्हणून तो पुन्हा भट्टीत तापवून मऊ करावा लागतो आणि मग पुन्हा ठोकावा लागतो. भांड्याचा घाट साधला, की शेवटी त्याच्या सर्वांगावर एकसारखे ठोके द्यावयाचे. त्याने भांड्यास बळकटी येते व झळाळीही येते. ते ठोके म्हणजे नुसती नक्षी नव्हे. एक ठोका चुकला तर ओळ बिघडते आणि ती बिघडलेली ओळ जन्मभर दिसत राहते. अण्णांच्या उजव्या खांद्याला म्हातारपणी कायमची कळ असे. त्यांना ऐकूही कमी येई. आळीतील बहुतेक वृद्धांना कमीच ऐकू येई. असे जे घंगाळ, ते मी धातूच्या भावाने दिले. मोडवाल्याचा यात काही दोष नाही. त्याचा धंदाच वजनाचा आहे. माझा तो नव्हता.

घरे आवरण्याचे शास्त्र आता जगभर झाले आहे. जपानमधील मारी कोंडो या बाईंचे त्यावरील पुस्तक २०११ साली निघाले व अनेक भाषांत गेले. वस्तू हातात घ्यावी, तिच्यापासून आनंद होत असेल तर ठेवावी, एरवी तिला निरोप द्यावा, असे त्या सांगतात. बाईंविषयी मला आदर आहे, कारण निरोप देतानाही वस्तूचे आभार मानावे असे त्या म्हणतात, आणि हे आपल्या खंडेनवमीच्या जवळचे आहे. परंतु आनंदाची कसोटी मला अपुरी वाटते. आई जाऊन पंधरा दिवस झाले असता ते घंगाळ मी हातात धरले, तेव्हा मला आनंद कोठून होणार? मी स्वतःपुरती दुसरी कसोटी धरली आहे. ही वस्तू माझ्या घरात आहे, ती घरातल्या माणसांकरिता की येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहावे याकरिता? घरातल्या माणसांकरिता असेल, तर ती माळ्यावर का?

आमच्या आळीत एक काकू राहत असत. काका अकाली गेलेले, दोन खणांची खोली आणि पदरी दोन मुले. घरात भांडी म्हणाल तर दोन पातेली, तवा, परात, चार ताटे-वाट्या, एक तांब्या व दोन फुलपात्री. एवढाच संसार; परंतु चिंच लावून व राखेने घासून तो तांब्या असा लखलखीत असे की दारातून दिसावा. कोणीही आले की प्रथम त्या तांब्यातून पाणी मिळे. पाहुण्याकरिता निराळे व घरच्याकरिता निराळे, असे त्यांच्याकडे नव्हते. शाळेतून आलेला मुलगाही त्याच फुलपात्रातून पाणी पिई. लुगडी दोनच, पण धुतलेली व घडी मोडून नेसलेली. एकदा त्यांच्या सधन नणंदेने स्टीलचा मोठा संच देऊ केला. काकू म्हणाल्या, "ठेवायला जागा आहे हो वन्सं, पण घासायला हात दोनच आहेत." त्या खोलीत गेल्यावर येथे काही कमी आहे, असे मला कधीही वाटले नाही. उलट आमच्याच घरी, जेथे माळ्यावर पन्नास भांडी होती, तेथे आई पाहुणा आला की कपाटातले कप काढी आणि आम्हांला कान तुटलेल्या कपातून चहा देई. लहानपणी ते खटकत नाही. मोठेपणी मात्र माणूस स्वतःच्या घरात स्वतःला दुय्यम समजू लागतो, त्याचे एक मूळ या कपांत असावे.

काटकसर आणि ओंगळपणा या दोन गोष्टी एक नव्हेत, हे सांगण्यास गाडगेबाबांहून मोठा साक्षीदार मला ठाऊक नाही. आपण भांडी घडविणारे, म्हणून त्यांचे नाव आपणांस विशेष जवळचे वाटावे. त्यांचे नावच एका भांड्यावरून पडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एक मातीचे गाडगे व हाती खराटा, एवढेच त्यांचे सामान. परंतु गावात शिरले की आधी गाव झाडून काढीत व मगच भाकरी घेत; फुकटचे अन्न त्यांनी घेतले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले, तेव्हा त्यांच्यामागे पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या होत्या. कर्ज काढून लग्ने करू नका, ताटे विकून हातावर भाकरी खाण्याची पाळी आली तरी मुलांना शाळेत घाला, असे ते कीर्तनातून सांगत. ताटे विका, हे तांबटाच्या कानाला जरा कठोर लागते खरे!

आता आपल्याच घरातील गोष्ट बोलते. रुखवत म्हणजे पूर्वी वरपक्षाकडे न्यावयाचा फराळ. आज त्याचे प्रदर्शन झाले आहे. आपल्या ज्ञातीतील एका लग्नात मी रुखवताचे चार टेबल पाहिले. भांड्यांचे संच, मिक्सर, दिव्यांच्या माळा, आणि प्रत्येकावर चिठ्ठी. मुलीचे वडील कारखान्यात नोकरीस. पुढे कळले की त्यासाठी त्यांनी पतपेढीतून कर्ज काढले होते. मुलगी दोन खोल्यांच्या घरात गेली. निम्मे सामान तेथे मावले नाही म्हणून वडिलांच्याच पलंगाखाली परत आले. सामान परत आले, हप्ते मात्र चालूच राहिले. हे करा असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. लोक काय म्हणतील, एवढेच त्यांना वाटले. आणि ते लोक म्हणजे आपणच, या मंडपात बसलेले. २०२० साली टाळेबंदीत विवाहास पन्नासच माणसांची मर्यादा होती. त्या वर्षी आपल्यात जी लग्ने लागली, त्यांतील कोणते कमी पक्के झाले?

म्हणून केवळ उपदेश न करता मी एक सूचना मांडते. आपल्या संस्थेचे भांडार आहे, परंतु त्यातील मोठी भांडी जुनी झाली असून कार्याच्या वेळी बाहेरून भाड्याने आणावी लागतात. ज्यांच्या माळ्यावर हंडे, पराती, सतेली निजून आहेत, त्यांनी ती मोडीत न घालता भांडारास द्यावी. कोणत्याही ज्ञातिबांधवाच्या घरी कार्य निघाले की ती विनामूल्य वापरास मिळावी. माझी एवढीच अट राहील की त्यांवर देणाऱ्याचे नाव घालू नये. नावांनी आपली पुष्कळ भांडी अगोदरच भरली आहेत. कल्हई करणारा आता सहजी मिळत नाही हे खरे. परंतु आपल्यातील एका वयोवृद्ध कारागिरांनी ते काम शिकविण्याची तयारी दाखविली आहे, आणि दोन मुले शिकण्यास तयार आहेत.

उद्या सकाळी १० वाजता भांडाराची खोली उघडी राहील. आईची दोन सतेली स्वयंपाकघरात रोजच्या वापरात होती, म्हणून काट्यावर चढण्यापासून वाचली. ती मी घेऊन येत आहे. त्यांतील एकाचा कान सैल झाला आहे, तेवढा कोणी रिव्हेट मारून दिला तर बरे होईल.