सहप्रवासी
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



मंडळाचा इतिहास सांगण्याचा अधिकार जुन्या सभासदांचा. मी केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीच्या गावांना आपले म्हणत आलेला एक अधिकारी. मला बोलावयाचे आहे ते कोलकात्याच्या बस, ट्राम आणि मेट्रोत रोज भेटणाऱ्या अनोळखी माणसांविषयी. परप्रांतात आपण टिकतो ते मंडळामुळे. परंतु त्या प्रांताशी आपले नाते जुळते ते या सहप्रवाशांमुळे, असे माझे नम्र मत आहे.

या शहराची वाहनपरंपरा मोठी आहे. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी येथे घोड्यांची ट्राम धावली. १९०२ मध्ये ती विजेवर चालू लागली. देशातील पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी येथेच सुरू झाली आणि मार्च २०२४ पासून ती हुगळीच्या पात्राखालूनही जाऊ लागली. ही वाहने चालतात विजेवर वा डिझेलवर. त्यांतील गर्दी सुसह्य होते ती मात्र काही अलिखित नियमांमुळे.

बसचा कंडक्टर ओरडतो, ‘पेछोनेर दिके एगिये जान’; म्हणजे ‘मागच्या बाजूस पुढे चला!’ नवागत मराठी माणसास हसू येते. परंतु आपण हलल्यावाचून दुसऱ्यास जागा होत नाही, हे त्या वाक्यातील मर्म लवकरच ध्यानी येते. स्त्री उतरू लागली की ‘आस्ते लेडीज’ आणि कडेवर मूल असल्यास ‘कोले बाच्चा’ ही पुस्ती. गर्दीत मागच्या माणसाचे भाड्याचे पैसे चार हातांतून कंडक्टरकडे जातात आणि तिकीट व सुटे पैसे त्याच हातांतून परत येतात. मी आयुष्यभर सरकारी फायली पाहिल्या. सही-शिक्क्यावाचून इतका चोख व्यवहार क्वचितच पाहिला. उभ्या माणसाची जड पिशवी बसलेला माणूस मांडीवर घेतो. अनवधानाने कोणास पाय लागला, तर हात आपोआप कपाळाशी जातो. ही रीत आपल्या आयांनी आपणांसही शिकवली आहे.

काही वर्षांपूर्वी वडील निवर्तल्यावर माझ्या मातोश्री साताऱ्याहून आमच्याकडे आल्या. बंगालीचे अक्षर येत नव्हते. ‘मला परत नेऊन सोड’ एवढेच त्या म्हणत. एकदा मेट्रोत एका बंगाली बाईंनी शेजारणींस ‘एकटू चेपे बोशुन’ असे सांगितले आणि ‘माशीमा, बोशुन’ म्हणून मातोश्रींना जवळ बसवले. ‘चेपणे’ आपल्याही बोलीतले. ‘माशी’ म्हणजे आपली मावशी. उतरेपर्यंत दोघी आपापल्या भाषेत गुडघेदुखीविषयी बोलत होत्या. घरी आल्यावर मातोश्री म्हणाल्या, ‘अरे, इथंही मावशीच म्हणतात की!’ परत जाण्याचा हट्ट काही सुटला नाही. परंतु दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारले, ‘आज कुठे मेट्रोनं जायचं का?’ त्या बाईंचे नावही आम्हांस ठाऊक नाही. आमच्या घरावर मात्र त्यांचे ऋण आहे.

अशा भेटींना आता ओहोटी लागली आहे. मेट्रोत कार्ड टेकवले की दार उघडते, पैसे कोणाच्या हाती द्यावे लागत नाहीत. माना मोबाइलवर झुकलेल्या असतात. मैदानातील एक छोटा मार्ग वगळता ट्राम बंद करण्याचा मनोदय राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. यंत्रे बदलणारच, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु शेजाऱ्याकडे पाहण्याची सवय गेली, तर ती कोणत्याही यंत्राने परत मिळणार नाही.

आपल्या सभागृहात आपण मराठी जपतो, ते अवश्य जपावे. त्याचबरोबर एक गोष्ट स्मरणात असावी. पन्नास वर्षांपूर्वी आपली माणसे येथे उभी होती आणि या शहराने चेपून बसून त्यांना जागा दिली. आज आपण बसलेले आहोत. दाराशी उभा आहे तो कालपरवा पोटासाठी आलेला कोणी बिहारी, कोणी ओडिया. आपल्या मुलांनी त्याच्याकडे पाहावे, थोडे सरकावे आणि ‘बोशुन’ म्हणावे, एवढीच माझी विनंती आहे.