परसबागेतील गोड मका



पावसाच्या पहिल्या सरींबरोबर जयपूरच्या चौकाचौकांत कणसे भाजणाऱ्यांच्या हातगाड्या उभ्या राहतात. जवाहर नगरातील मराठी मुले घरात त्यास कणीस म्हणतात आणि फाटकाबाहेर पडताच भुट्टा. दोन्ही नावांनी ते रुचकरच लागते. परंतु कणसात दाणा भरतो कसा, हे शहरातल्या मुलाने सहसा पाहिलेले नसते. ते दाखवण्यास घरामागची थोडी जागा पुरते.

राजस्थानात मक्याचे खरे माहेर मेवाड आणि वागड. तिथली रोटी आणि राब मक्याचीच. जयपूरच्या बाजूस बाजरीचा मान मोठा. तरीही जुलैच्या आरंभी, पाऊस स्थिरावल्यावर पेरलेला गोड मका इथे चांगला येतो. उन्हाळी पेरणी लांबली, तर तुरा नेमका कडक उन्हात येतो आणि परागकण वाळून निकामी होतात.

परसबागेत हौसेने केलेली लागवड बहुधा एकाच कारणाने फसते. कुंपणाच्या भिंतीलगत आठ-दहा दाण्यांची एकच ओळ लावली जाते. रोपे डोक्याएवढी वाढतात, कणसेही येतात. सोलून पाहावे तर दाणे तुरळक, दात पडलेल्या तोंडासारखे. मग दोष बियाण्याला दिला जातो, नाहीतर खताला. मूल मात्र हिरमुसते आणि पुढच्या वर्षी बी हातात घेत नाही.

कारण वेगळे आहे. मक्याचा नर फुलोरा म्हणजे शेंड्यावरचा तुरा. मादी फुलोरा कणसात. कणसाच्या टोकाशी लोंबणारा प्रत्येक रेशमी केस आतल्या एकेका दाण्यापर्यंत पोहोचलेला असतो. त्या केसावर परागकण पडला तरच तो दाणा भरतो. शेकडो दाणे, तितकेच केस! पराग वाहून नेण्याचे काम प्रामुख्याने वाऱ्याचे, आणि एका ओळीवरचा पराग वारा बाजूला उडवून नेतो. म्हणून मका चौकोनात लावावा. चार ओळी, प्रत्येकीत चार रोपे. ओळींत साठ सेंटिमीटर आणि रोपांत पंचवीस सेंटिमीटर अंतर. कुंडीतील रोपांचा तुरा सकाळी कागदी पिशवीत झटकून पराग केसांवर शिंपडावा. हे काम मुलांकडे सोपवण्याजोगे आहे.

प्रत्येक दाण्याचे फलन स्वतंत्र होत असल्यामुळे एकाच कणसात निरनिराळ्या रंगांचे दाणे येऊ शकतात. अशाच रंगीत दाण्यांचा आयुष्यभर अभ्यास करणाऱ्या बार्बरा मॅक्लिंटॉक यांना 1983 साली नोबेल पारितोषिक मिळाले. कणसावरील दाण्यांच्या ओळी मुलांना मोजायला लावाव्यात. संख्या जवळजवळ नेहमी समच येते.

गोड मक्याचे बी सुरकुतलेले दिसते, ते खराब म्हणून फेकू नये. दाण्यातील साखरेचे पिष्टात पुरते रूपांतर न होणे, हेच त्याचे वैशिष्ट्य. शेजारी त्याच सुमारास साधा मका फुलला, तर त्याच्या परागाने याच हंगामातील दाणे पिठूळ होतात. बियाण्यावरील लालसर लेप औषधाचा असतो. मुलांनी पेरणीनंतर हात धुवावेत. बी तीन-चार सेंटिमीटर खोल पेरावे. शेणखत सढळ हाताने घालावे. मका खादाड आहे. पोंग्यात भुशासारखी विष्ठा दिसली की लष्करी अळी समजावी आणि ती हाताने वेचावी. पोपटांचा बंदोबस्त त्याहून अवघड. कणसांवर कागदी पिशव्या बांधाव्यात, पण केस सुकल्यानंतरच.

केस दिसल्यापासून सुमारे वीस दिवसांनी ते तपकिरी होतात. टोकाचे साल किंचित सोलून दाण्यात नख रुतवावे. पाण्यासारखा रस आला तर थांबावे, दुधासारखा आला तर त्याच दिवशी कणीस काढावे. कणीस तोडताच त्यातील साखर घटू लागते, जुन्या वाणांत तर फारच झपाट्याने. पातेल्यातले पाणी आधी उकळत ठेवावे आणि मग बागेत जावे, हा जुना सल्ला अतिशयोक्त वाटला तरी खरा आहे.

राहिला प्रश्न पुढच्या वर्षीच्या बियाण्याचा. संकरित वाणाचे दाणे राखून पेरले तर पुढच्या पिढीत रोपे एकसारखी निघत नाहीत. हैदराबादला विकसित झालेल्या ‘माधुरी’सारख्या संमिश्र वाणाचे बी राखता येते, पण दोन-चार कणसांवरूनच वर्षानुवर्षे बी धरल्यास रोपे दुबळी होत जातात. अशा वेळी तीन-चार घरांनी एकच वाण लावून बियाणे एकमेकांत वाटून घ्यावे. जवाहर नगरात ते सहज जमण्यासारखे आहे.