लार्ज हीथ: दलदलीतलं फुलपाखरू

आज ज्या फुलपाखराची ओळख करून घ्यायची आहे, ते बघायला गमबूट घालून चिखल तुडवावा लागतो. ब्रिटन आणि आयर्लंडच्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीच्या, दलदलीत राहणारं हे लार्ज हीथ.

हे फुलपाखरू बसलं की पंख मिटूनच बसतं. म्हणून पंखांची खालची बाजू नीट बघायची. पुढचा पंख नारिंगी, मागचा राखाडी-तपकिरी. मागच्या पंखावर तुटक पांढरा पट्टा आणि कडेला काळे डोळे, प्रत्येकाच्या मधोमध पांढरं टिंब. पंखांचा विस्तार जेमतेम चार सेंटिमीटर.

पण हे डोळे सगळीकडे सारखे नसतात. लँकेशायर, श्रॉपशायरकडे ते ठसठशीत, उत्तर स्कॉटलंडमध्ये जवळजवळ पुसलेले, तर मधल्या प्रदेशात मध्यम. त्यामुळे उत्तरेकडे स्मॉल हीथ या भाऊबंदाशी गल्लत होते. स्मॉल हीथ आकाराने लहान असतं आणि सहसा कोरड्या, आखूड गवतात दिसतं.

तरीही शंका राहिली, तर पायाखाली बघा. पांढऱ्या बोंडांचं कापूसगवत झुबक्यांनी वाढलंय का? लार्ज हीथच्या अळ्या प्रामुख्याने त्यावरच जगतात, त्याच झुबक्यांच्या बुडाशी हिवाळा काढतात. जवळ क्रॉस-लीव्ह्ड हीथ या झुडपाची गुलाबी, घंटेसारखी फुलं असतील, तर मध प्यायला फुलपाखरू तिथे येणारच. जून-जुलैमध्ये जा, ढगाळ दिवशीही ते उडतं.

जमीन कोरडी केली की कापूसगवत जातं आणि पाठोपाठ फुलपाखरूही. मँचेस्टरजवळच्या दलदलींतून ते असंच नाहीसं झालं. एके काळी त्याला त्या शहराच्याच नावाने, मँचेस्टर आर्गस म्हणून ओळखत. पाणी पुन्हा अडवून, कापूसगवत लावून 2020 मध्ये तिथल्याच अ‍ॅस्टली मॉस या दलदलीत ते परत सोडण्यात आलं, सुमारे दीडशे वर्षांनी! बिघडवलेली जागा माणसाने मनावर घेतलं तर सावरता येते, याचा हा पुरावा आहे.

दलदलीतलं पीट बागांसाठीही खणलं जातं. म्हणून ब्रिटन-आयर्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना एक विनंती. कुंड्यांसाठी खतमाती घेताना पिशवीवर ‘पीट-फ्री’ लिहिलेलं आहे ना, एवढं बघून घ्या. नारळाच्या काथ्यापासून केलेलं आपलं कोकोपीट हा पीटला चांगला पर्याय आहे.