परत न केलेला गंज

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या समारोपप्रसंगी भिलाई येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा घ्यावा, अशी कार्यकारिणीने आम्हांस आज्ञा केली होती. तो आढावा कार्यवाहांनी आपल्या अहवालात इतक्या सांगोपांग रीतीने घेतला आहे, की आमच्यासाठी काही शिल्लक उरलेले नाही. म्हणून आपल्या अनुमतीने आम्ही आज केवळ एका जेवणाविषयी बोलणार आहोत. ते जेवण गोड झाले खरे; परंतु त्याचा शेवट अजून व्हावयाचा आहे, आणि तो आपल्या हाती आहे.

गेल्या महिन्यात आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरून पोस्टकार्ड आले. आजकाल पोस्टकार्ड येणे हीच एक नवलाई. त्यावर यजमानांच्या सूनबाईंनी सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : ‘मंडळाच्या जन्मवर्षाची, म्हणजे सन १९७५ ची पंगत योजिली आहे. त्या वर्षी जसे आला असता, तसेच यावे.’ तरुण मंडळी अशा समारंभास ‘रेट्रो’ म्हणतात, असे आमच्या नातीने सांगितले. आम्ही विचारात पडलो. सन १९७५ साली आम्ही दुसऱ्या पाळीवरून सुटून, कारखान्याचे बूट पायांत तसेच ठेवून, सायकलवरून थेट पंगतीला गेलो असतो, आणि ‘आधी पाय धुवा’ म्हणून कोणीतरी आम्हांस मोरीकडे पिटाळले असते!

येथील तरुणांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार १९५५ साली सोव्हिएत रशियाशी झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी सुरू झाली. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर आणि दुर्ग ही एकाच प्रांतातील गावे होती, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ तिकडे गेला, दुर्ग इकडे राहिले. आमचे वडील ज्या मुलुखाला आपला म्हणत, त्याच मुलुखात आम्ही नोकरीसाठी आलो तेव्हा ‘बाहेरचे’ ठरलो. मंडळ निघाले ते या एकाकीपणातून. अस्मितेचे भव्य विचार नंतर सुचले. आधी आठवण झाली ती सणासुदीच्या पंगतीची.

तर त्या सायंकाळी आम्ही सपत्नीक गेलो. यजमानांच्या चिरंजिवांनी रुंद पायांची विजार आणि मोठ्या कॉलरचा शर्ट परिधान केला होता. सूनबाईंनी सासूबाईंची नायलॉनची साडी नेसली होती. ओसरीवर मर्फीचा जुना रेडिओ मांडला होता आणि त्यातून त्या काळची गाणी येत होती. कौतुकाने बटण फिरवावयास गेलो, तो बटण हाती आले. रेडिओ केव्हाच मुका झाला होता. गाणी येत होती ती त्याच्या पोटात दडवलेल्या मोबाइलमधून. अंगणात कोळशाची शेगडी होती, पण तिच्यात निखाऱ्यांऐवजी झेंडूची फुले ठेवली होती. ज्यांनी त्या शेगडीपुढे डोळे चोळीत पहाटा काढल्या, त्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी तिच्याकडे पाहिले आणि न बोलता पुढे गेल्या.

आम्ही हे दोष काढण्यासाठी सांगत नाही. मुलांनी फार माया ओतून तो घाट घातला होता. पाट मांडले होते, पत्रावळी होत्या, द्रोण होते, उदबत्तीही होती. पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये वरणभात, आणि मागाहून पुरणपोळी, कटाची आमटी, सांबारवडी. खुणेलाही चूक नव्हती. तथापि पहिला घास घेताच आमच्या मनात आले, की काहीतरी उणे आहे. काय उणे आहे, ते आमच्या शेजारी बसलेल्या काकूंनी नेमके सांगितले.

काकूंचे वय आता नव्वदीच्या घरात आहे. यजमानांनी त्यांना आग्रहाने पहिल्या पंगतीला बसविले होते. त्या म्हणाल्या, “अहो, पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी पहिल्या पंगतीला बसले. तेव्हा आम्ही बसत असू तेव्हा आमटी तळाला गेलेली असे आणि पोळ्या मोजून उरलेल्या असत.” आम्ही ओशाळलो. त्यांनी पुढे विचारले, “आणि या घरात आज उसने काय आणले आहे?” सूनबाई अभिमानाने म्हणाल्या, “काही नाही हो काकू, सगळे घरचेच.” काकू हसल्या. “मग ही १९७५ ची पंगत कशी?”

मंडळी, काकूंचे बोलणे अक्षरशः खरे होते. त्या काळी साखर शिधापत्रिकेवर मिळे, रॉकेलसाठी रांगा लागत, आणि तीस माणसांची पुरणपोळी एका घराच्या आवाक्यात नसे. डाळ एका घरची, गूळ दुसऱ्याचा, तूप तिसऱ्याचे. पुरणयंत्र सबंध सेक्टरमध्ये एक, आणि ते कोणाकडे आहे याचा शोध आदल्या दिवसापासून चाले. भांडी तर सर्वांचीच. म्हणूनच प्रत्येक भांड्यावर नाव घातलेले असे. पंगत उठल्यावर अंगणात भांड्यांचा ढीग पडे आणि स्त्रिया कंदिलाच्या उजेडात नावे वाचून आपापली भांडी वेगळी करीत. आम्हांस एकमेकांची गरज होती. आज आपण त्या काळाचे स्मरणरंजन करतो तेव्हा ही गरज तेवढी वगळतो, आणि तिच्याबरोबर जे रुसवे, जे अन्याय घडले, तेही वगळतो.

हे बोलणे चालू असतानाच यजमानांचे चिरंजीव आमटी वाढावयास आले. माळ्यावरची जुनी भांडी त्यांनी मुद्दाम काढून, घासून, कल्हई करून घेतली होती. त्यांच्या हातात एक पितळी पातेले होते. आम्ही विदर्भाकडील माणसे त्यास गंज म्हणतो. काकूंनी वाढप्याचा हात धरला. “थांब रे,” त्या म्हणाल्या, “हा गंज तुमचा नव्हे.” त्यांनी काठावरून बोट फिरविले. टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरे होती, आणि खाली साल होते १९६९. अक्षरे वाचताच आमच्या हातातील घास हातातच राहिला.

ते नाव होते मंडळाच्या एका तत्कालीन कोषाध्यक्षांच्या पत्नीचे. आता जे सांगतो, ते आम्ही बेचाळीस वर्षे सांगितलेले नाही.

सन १९८३ च्या गणेशोत्सवाचा हिशेब सर्वसाधारण सभेपुढे आला तेव्हा त्यात १५१ रुपये कमी भरले. रक्कम मोठी नव्हती, परंतु त्या काळी लहानही नव्हती. सभेत जे शब्द उच्चारले गेले ते येथे पुन्हा उच्चारण्याजोगे नाहीत. कोषाध्यक्ष उभे राहिले, एवढेच म्हणाले, की आपण पै न् पै लिहिली आहे. त्याच रात्री त्यांनी पदरचे १५१ रुपये आणि राजीनामा कार्यवाहांकडे पाठविला. महाप्रसादासाठी दिलेली आपली भांडी नेण्यासही त्या घरचे कोणी आले नाही. इतर भांडी कोणीतरी पोहोचविली. हा गंज यजमानांच्या मातोश्रींनी घासून ठेवला, ‘उद्या देऊ’ म्हणून. पुढे कोषाध्यक्षांनी दल्ली-राजहऱ्याच्या खाणीवर बदली मागून घेतली.

त्या वर्षी कार्यवाह आम्ही होतो.

पुढल्या जानेवारीत थंडी वाढली म्हणून आम्ही लोकरी कोट काढला. त्याच्या आतल्या खिशात मंडपवाल्याची पावती निघाली. विसर्जनाच्या आदल्या रात्री पाऊस आला, जादा ताडपत्री घ्यावी लागली, आम्ही मंडळाच्या पेटीतून पैसे देऊन पावती त्या कोटात ठेवली आणि विसरलो. पावतीवरील रक्कम १५१ रुपये होती.

आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “आजच जा.” दल्ली-राजहरा येथून शंभर किलोमीटरच्या आत आहे, दुर्गहून रेल्वेगाडी जाते. आम्ही गेलो नाही. प्रथम वाटले, मार्चअखेरची गडबड उरकू द्या. मग वाटले, प्रकरण शांत झाले आहे, उगाच कशाला उकरावे? पुढे वाटले, इतक्या उशिरा कोणत्या तोंडाने जावे? एका खोट्या कारणातून दुसरे निघत गेले. ते गृहस्थ २००९ साली वारले. वार्ता कळली त्या दिवशीही आम्ही पत्र लिहावयास बसलो आणि पत्र पुरे केले नाही.

त्या पंगतीत आम्ही हे सर्व सांगून टाकले. पंगत स्तब्ध झाली. मोबाइलमधील गाणे तेवढे चालू होते. सूनबाईंनी उठून ते बंद केले. दुसऱ्या दिवशी यजमानांनी त्या वहिनींचा नागपूरचा दूरध्वनी क्रमांक मिळविला आणि आम्ही त्यांच्याशी बोललो. त्यांनी सर्व ऐकून घेतले. पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “भाऊजी, त्या रात्री त्यांनी ती बेरीज तीनदा करून पाहिली होती. नंतर त्यांनी घरखर्चाची वहीसुद्धा कधी लिहिली नाही. हिशेबाचा माणूस, पण कागदाला हात लावला नाही.”

आम्ही क्षमा मागितली. क्षमा केली असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि तसा आग्रह धरण्याचा आम्हांस अधिकार नाही. आपले अथवा यजमानांचे नाव सभेत घेऊ नये, असे त्यांनी सांगितले; “पण आकडा दुरुस्त करा,” असे निक्षून सांगितले. दूरध्वनी ठेवण्यापूर्वी आम्ही गंजाचा विषय काढला. त्या म्हणाल्या, “आणा. पण भाऊजी, भांडे रिकामे परत करायचे नसते, एवढे ध्यानात असू द्या.”

म्हणून या समारंभात आमच्या तीन विनंत्या आहेत. पहिली अशी, की १९८३ च्या हिशेबाची दुरुस्ती आजच्या इतिवृत्तात नोंदवावी, आणि तीत चूक तत्कालीन कार्यवाहाची होती, असे स्पष्ट शब्दांत लिहावे. दुसरी अशी, की मंडळाने त्या कोषाध्यक्षांकडून अकारण घेतलेले १५१ रुपये त्यांच्या पत्नीस अध्यक्षांच्या सहीच्या पत्रासह परत करावेत. त्यावर बेचाळीस वर्षांचे व्याज काय होईल, ते आम्ही काढून पाहिले. परंतु व्याज देण्याचा भार मंडळावर नाही, तो आमच्यावर आहे, आणि तो रुपयांत फिटण्याजोगा नाही.

तिसरी विनंती भगिनींना आणि बंधूंना आहे. येत्या रविवारी आम्ही उभयता तो गंज घेऊन नागपूरला जात आहोत. तो आज येथे प्रवेशद्वाराशी मेजावर ठेविला आहे. चण्याची डाळ आम्ही आमच्या घरून घातली आहे. जाताना प्रत्येकाने मूठभर डाळ त्यात घालावी. डाळीची पिशवी शेजारीच आहे, पण ज्यांना आपल्या घरून आणता येईल त्यांनी शनिवारपर्यंत अवश्य आणावी. जुन्या काळची पंगत खरोखरीच पुन्हा मांडावयाची असेल, तर ती अशी मांडता येईल असे आम्हांस वाटते.

अध्यक्षमहाराज, ही ती पावती. शाई फिकी झाली आहे, आकडा वाचता येतो. ती आपल्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.