निनावी भयाची ओढ

(चित्रपट-रसग्रहण वर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



भुताखेतांच्या चित्रपटाला गर्दी का होते, हे सांगायला पंडित लागत नाही. दार करकरते, दिवा विझतो, आपण दचकतो आणि मग स्वतःशीच हसतो. परंतु ज्यात भूत नाही, पछाडलेला वाडा नाही, कथेचा धड उलगडाही नाही, असा चित्रपट पाहून रसिक अस्वस्थ होऊन बाहेर पडतो आणि पुन्हा तोच पाहायला जातो, याचे कारण काय असावे? या प्रश्नाचा विचार आज आपण एकाच चित्रपटाच्या आधारे करू या. तो म्हणजे डेव्हिड लिंच यांचा १९७७ सालचा ‘इरेझरहेड’.

जानेवारी २०२५ मध्ये दिवंगत झालेल्या या अमेरिकन दिग्दर्शकाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. चित्रीकरण १९७२ मध्ये सुरू झाले आणि पैशाअभावी रखडत पुरे व्हायला काही वर्षे लागली. कथा अगदी लहान आहे. हेन्री नावाच्या एका भिडस्त कामगाराला मूल होते, पण ते मानवी अर्भकासारखे दिसत नाही. त्याच्या रडण्याला कंटाळून आई माहेरी निघून जाते आणि एका कोंदट खोलीत बाप आणि मूल दोघेच उरतात. चित्रपट कृष्णधवल आहे. संवाद मोजके, मात्र यंत्रांची घरघर आणि वाफेचे फुत्कार सतत कानावर आदळत राहतात. स्टॅन्ली कुब्रिक यांनी ‘द शायनिंग’च्या वेळी आपल्या सहकाऱ्यांना हा चित्रपट मुद्दाम दाखवला होता.

याची ओढ समजून घ्यायला आपले नाट्यशास्त्र उपयोगी पडते. भरतमुनींनी भयानक रसाचा उगम बीभत्सात सांगितला आहे. हेन्रीच्या सासुरवाडीतील जेवणाचा प्रसंग पाहा. ताटातल्या चिमुकल्या कोंबडीला सुरी लावताच ती हालू लागते आणि तिच्यातून काळा द्रव पाझरतो. आधी किळस येते, भय तिच्या मागून येते.

अभिनवगुप्तांनी भयानकाचे विवेचन करताना ‘शाकुंतला’तील पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. ते भय हरिणाचे राहत नाही आणि प्रेक्षकाचे खाजगीही होत नाही. व्यक्ती, स्थळ, काळ यांची बंधने गळून केवळ ‘भय’ उरते, म्हणून ते आस्वाद्य होते. ‘इरेझरहेड’मध्ये शहराला नाव नाही, सालाचा पत्ता नाही. मात्र एक भेद आहे. हरिणामागे दुष्यंताचा बाण आहे. हेन्रीच्या मागे काय लागले आहे, ते दिसत नाही. भयाचे अनुभाव दिसतात, विभाव झाकलेला राहतो. तो प्रेक्षकाने आपल्या मनातून भरायचा असतो. माझ्या मते या चित्रपटांचे आकर्षण नेमके येथे आहे.

आणि प्रेक्षक काय भरतो? घरात मूल जन्मले की पेढे वाटले जातात. ‘मला हे झेपेल का?’ हा तरुण बापाच्या पोटातला गोळा कोणी विचारात घेत नाही, आणि तोही तो बोलून दाखवत नाही. असे अनुच्चारित भय त्या अंधाऱ्या खोलीत रूप धारण करते. लिंच यांनी चित्रपटाचा अर्थ सांगण्याचे अखेरपर्यंत टाळले, ते योग्यच केले. अर्थ सांगितला असता, तर भय केवळ हेन्रीचे उरले असते.

‘असे चित्र काढणाऱ्याचे मनच विकृत असेल,’ असा आक्षेप येतो. वस्तुस्थिती निराळी आहे. लिंच यांनी १९७३ मध्ये महर्षी महेश योगींची ध्यानपद्धती स्वीकारली आणि ती पुढे कधी सोडली नाही. २००६ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात उपनिषदांतील वचने आहेत. दुःख दाखवण्यासाठी कलावंताने स्वतः दुःखात बुडालेले असण्याची गरज नाही, अशी त्यांची धारणा होती. काळोखात उतरायचे तर हातातला दिवा स्थिर हवा.

अर्थात, दुर्बोध तेवढे सारे सखोल नव्हे. केवळ किळस आणून थांबणारे, प्रेक्षकाला स्वतःच्या मनाकडे न वळवणारे चित्रपट पुष्कळ आहेत. त्यांची भलावण मी करणार नाही. परंतु आपल्या घरातला तरुण असा एखादा चित्रपट पुन्हापुन्हा पाहत असेल, तर ‘हे काय भलतेच!’ म्हणून बंद करण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा, ‘यातले तुला नेमके कशाचे भय वाटले?’ एरवी जे तो कधी बोलला नसता, ते कदाचित त्या उत्तरात सापडेल.